बाबांच्या अंगावरचे फोड: काजू, खरूज, गहू की आणखी काही?

गोव्यातल्या साखळीजवळच्या एका ताईंनी विचारलंय, त्यांचा प्रश्न आधी थोडक्यात देते. वडील ७१ वर्षांचे, जुना डायबिटीस, स्वतःचं काजूचं भाट, म्हणजे बाग, आहे आणि या वयातही बोंडू वेचायला जातात. एप्रिलमध्ये अंगाला खाज सुटली, पोटावर, मांड्यांवर लाल गांध्या उठायला लागल्या. डॉक्टर म्हणाले काजूची ॲलर्जी, गोळ्या आणि मलम दिलं. जूनमध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी खरूज सांगितली, घरातल्या सगळ्यांनी आठवड्याच्या अंतराने दोनदा मलम चोपडलं, फरक शून्य. जुलैपासून पाण्याने भरलेले फोड, काही तर सुपारीएवढे. पहिले डॉक्टर अजून ॲलर्जीच म्हणतायत. ताईंनी मोबाईलवर वाचून ठरवलंय की हा गव्हाशी संबंध असलेला डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस आहे, म्हणून घरात पोदेराचे (पाववाल्याचे) पाव आणि चपात्या बंद. शेजारीण म्हणते नागीण, काव लावा. आता डॉक्टर चुकले का, आणि चुकले असतील तर त्यांना तोंडावर विचारायचं कसं, कारण बाबा म्हणतात डॉक्टरला शिकवायला जाऊ नकोस.

ताई, मी बाबांना बघितलेलं नाही आणि न बघता स्किनचं निदान करणं म्हणजे रस्सा न चाखता मीठ सांगणं. पण तुम्ही दिलेली माहिती इतकी नीट आहे की एवढं तरी म्हणू शकते, मला हे काजू वाटत नाही, आणि रागावू नका, तुम्ही म्हणता तेही वाटत नाही. मला तिसरीच शंका येतेय, बुलस पेम्फिगॉइड नावाच्या फोडांच्या आजाराची. ती सिद्ध व्हायला एक तपासणी लागते आणि पाच महिन्यांत ती कोणी केलेली दिसत नाही.

आधी पहिल्या डॉक्टरांची बाजू घेते. एप्रिल महिना, सत्तरीचा म्हातारा, काजूच्या भाटात राबणारा, अंगाला खाज. माझ्या दवाखान्यात आले असते तर मीही काजूच म्हटलं असतं. काजूच्या टरफलात जे तेल असतं त्यात कार्डोल आणि ॲनाकार्डिक ॲसिड असतं, ते कातडीला जाळतंही आणि त्याची ॲलर्जीही होते, फोडसुद्धा येतात. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले, म्हणून ज्याला बिब्बा उततो त्याला आंब्याचा चीक आणि काजूचं तेलही सोसेलच असं नाही. मार्च ते मे आमच्या बाकांवर अशी माणसं रांगेने बसलेली असतात. पण ती पुरळ बहुतेक वेळा जिथं तेल लागलं तिथं उठते, बोटं, मनगटं, चेहरा, आणि हात न धुता लघवीला गेलं तर नको त्या जागी. आणि संबंध तुटला की दोन-तीन आठवड्यांत विझते. तुमच्याकडे मे संपला, फेणीच्या भाट्या थंड झाल्या, पाऊस लागला, काजूचा मागमूस नाही, आणि बाबांचं अंग मात्र वाढतंच गेलं. इथं ती गोष्ट मोडते. एप्रिलमधलं निदान चूक होतं असं मी म्हणणार नाही, तेच ऑगस्टमध्ये तसंच धरून बसणं चूक आहे. निदानावर तारीख असते हो, दुधाच्या पिशवीवर असते तशी.

खरूज म्हणणाऱ्या डॉक्टरांचंही तेच. रात्री वाढणारी खाज, घरात म्हातारा माणूस, आधी खरूज बघायलाच हवी, ते बरोबरच केलं. पण खरूज एकट्याला सहसा सोडत नाही, घरात दुसरं कोणीतरी खाजवत असतं. तुमच्याकडे कोणी नाही आणि दोनदा मलम लावूनही जैसे थे. तरीसुद्धा मी खरूज पूर्ण खोडत नाही, कारण म्हाताऱ्या माणसांत फोड येणारी खरूज असते आणि ती आम्हाला फसवते. मला फसवलंय. बरीच वर्षं झाली, पेडण्याकडची एक आजी होती, मोठे फोड, भयंकर खाज, मी रुबाबात पेम्फिगॉइड लिहिलं आणि स्टिरॉइड चालू केलं. महिनाभर आजी आणखी आणखी बिघडत गेल्या. एक दिवस त्यांची सून दारातून परत फिरली आणि हळूच म्हणाली, डॉक्टर, माझीही बोटं बघता का जरा. बोटांच्या बेचक्यांत खरजेची बिळं स्पष्ट दिसत होती. आजींचं कातडं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं तर किडे फिरताना दिसले! त्या सुनेने विचारलं नसतं तर मी अजून किती दिवस स्टिरॉइड चढवलं असतं कोण जाणे. म्हणून नातेवाइकांनी विचारलं की मला राग येत नाही, त्या दिवसापासून तर नाहीच.

नागिणीचं एका दमात सांगते. नागीण अंगाच्या एकाच बाजूला एका पट्ट्यात येते, खाजेपेक्षा दुखतं जास्त, आणि महिन्याच्या आत सुकते. दोन्ही मांड्या, पोट, हात असं सगळीकडे आणि महिनोन्महिने, ही नागीण नव्हे. आणि तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो हेही खोटं. काव लावू नका, उघड्या जखमेत माती जाते आणि आम्हाला खाली काय आहे ते दिसत नाही.

आता तुमचं निदान. डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस हा खरा आजार आहे, ड्युहरिंग नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १८८४ मध्ये त्याला हे नाव दिलं. गव्हातल्या ग्लुटेनशी त्याचा संबंध, म्हणून तुम्ही पाव बंद केलेत ते तर्काने चुकीचं नाही. पण तो साधारण तरुण आणि मध्यमवयीन माणसांत सुरू होतो, कोपरं, गुडघे, कुल्ले, पाठीचा वरचा भाग, दोन्हीकडे सारखा, आणि त्यातले फोड इतके बारीक आणि इतके खाजरे की डॉक्टरकडे येईस्तोवर शाबूत फोड एकही उरत नाही, नुसत्या खपल्या आणि ओरखडे. सुपारीएवढा टणटणीत फोड त्याच्यात बसत नाही. शिवाय नाव वाचून अनेकांना हर्पिस वाटतो, त्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, फोड घोळक्याने येतात म्हणून ते नाव. आणि एक महत्त्वाचं, गहू बंद करून मग तपासणीला जायचं नाही. ग्लुटेन थांबलं की रक्तातल्या त्या विशिष्ट अँटीबॉडी उतरत जातात, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि माणूस कायमचा गोंधळात. तेव्हा पोदेराला परत हाक मारा, तपासणी होईपर्यंत तरी.

माझी शंका आहे ती बुलस पेम्फिगॉइडची. साठीच्या पुढचा आजार. आणि त्याची खोड अशी की फोड यायच्या आधी कित्येक आठवडे, कधी कधी महिने, नुसती खाज आणि गांध्या असतात, हुबेहूब ॲलर्जीसारख्या. त्या काळात तो ओळखणं आम्हा स्किनवाल्यांनाही जड जातं. एप्रिल ते जून गांध्या आणि जुलैत फोड, ही चाल तुम्ही स्वतःच लिहिलीय. पोट, मांड्यांची आतली बाजू, हाताची आतली बाजू, काखा आणि जांघा, या त्याच्या आवडत्या जागा.

फोड टणक का असतात तेही समजून घ्या, कारण त्यावरच अर्धं निदान आहे. आपली वरची कातडी खालच्या कातडीला बारीक प्रथिनांनी टाचलेली असते. त्यातली दोन, बीपी १८० आणि बीपी २३०, यांच्याविरुद्ध शरीर स्वतःच अँटीबॉडी तयार करतं, टाके उसवतात, मधे पाणी साचतं. वरची अख्खी जाडी फोडाचं झाकण बनते, म्हणून तो भरल्या फुग्यासारखा राहतो, पटकन फुटत नाही. याचा चुलतभाऊ म्हणजे पेम्फिगस. त्यात वरच्या कातडीतल्याच पेशी एकमेकींपासून सुटतात, झाकण पातळ, फोड लिबलिबीत, लगेच फुटून लालभडक जखम, आणि बहुतेकांना सुरुवात तोंडातून होते. १९५३ पर्यंत दोन्हींना एकाच नावाखाली ढकलायचे, त्या वर्षी लेव्हर नावाच्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून वेगळे काढले. फरक नुसता पुस्तकी नाही, पेम्फिगसचे उपचार वेगळे आणि जास्त कडक असतात. म्हणून बाबांना तोंड उघडायला लावा आणि टॉर्च मारून बघा, गालाच्या आत, टाळूवर चट्टे आहेत का. तुम्ही तोंडाचा उल्लेखच केलेला नाही.

आणि डायबिटीस म्हणालात, पण गोळीचं नाव नाही सांगितलंत. गोळ्यांची पाकिटं काढा आणि नाव 'ग्लिप्टिन'वर संपतंय का बघा, विल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन अशी. या गटातल्या गोळ्यांनी, त्यातही विल्डाग्लिप्टिनने, पेम्फिगॉइड उठल्याच्या कितीतरी नोंदी आहेत. आणि गोळी सुरू केल्याबरोबर उठत नाही, महिने, कधी वर्षसुद्धा जातं, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही, पेशंट म्हणतो ही तर मी किती दिवस घेतोय. विल्डाग्लिप्टिनचं पेटंट २०१९ च्या डिसेंबरमध्ये संपलं, गोळी स्वस्त झाली आणि घरोघरी पोचली. गोळी चांगलीच आहे, कित्येकांना काही होत नाही, म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका, साखर भडकली तर ते दुसरं संकट. ज्यांनी गोळी लिहिली त्यांना सांगा की स्किनवाल्यांना अशी शंका आहे, बदलून देता का. बाबांना मागे अर्धांगाचा झटका, कंपवात किंवा विसरभोळेपणाचा आजार झाला असेल तर तेही सांगा, असल्या माणसांत हा जास्त दिसतो.

आता ती तपासणी. बायोप्सी म्हटल्यावर घरात कॅन्सर कॅन्सर सुरू होतं, तसं काही नाही. जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, एक टाका, दहा-पंधरा मिनिटांचं काम. पण या आजारात तुकडे दोन लागतात आणि बाटल्याही दोन, आणि नेमकी इथंच बऱ्याचदा माती होते. एक तुकडा नव्या ताज्या फोडाच्या कडेचा, तो फॉर्मलिन या नेहमीच्या द्रावणात. दुसरा फोडाच्या शेजारच्या, साधारण एक सेंटीमीटरच्या आतल्या, चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा, तो फॉर्मलिनमध्ये अजिबात नाही, मिशेल्स मीडियम नावाच्या द्रावणात, आणि लगेच पोचवायचा असेल तर साध्या सलाईनमध्येही चालतो. या दुसऱ्यावर इम्युनोफ्लुरोसन्स करतात. अँटीबॉडी चमकतात, पेम्फिगॉइडमध्ये दोन थरांच्या मधोमध सरळ रेघ, पेम्फिगसमध्ये माशाच्या जाळ्यासारखं, आणि तुमच्या डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिसमध्ये आयजीए नावाच्या अँटीबॉडीचे बारीक दाणे. तिघांची ओळख एका तुकड्यात. तो फॉर्मलिनमध्ये बुडवला की गेला, मग रिपोर्ट नकारार्थी येतो आणि पुन्हा म्हणतात ॲलर्जी. तुकडा शक्यतो पायाच्या खालच्या भागातून घेऊ नये, तिथं खोटा नकार मिळायची शक्यता जास्त. हे सगळं डॉक्टरांना माहीत असतं, पण घाईच्या ओपीडीत अटेंडंट बाटली भरतो, म्हणून 'दुसरी बाटली वेगळी आहे ना' एवढं विचारलंत तर कोणी खाऊन टाकत नाही.

मधल्या काळात गावातल्या दवाखान्यात खाजेसाठी इंजेक्शन घेतलं असेल, घेतलंच असेल, तर तारीख सांगा. ते बहुतेक स्टिरॉइडचं असतं, तीन दिवस छान वाटतं, चौथ्या दिवशी दुप्पट, आणि चित्र पुसट झालेलं असतं.

विचारायचं कसं. 'तुमचं निदान चुकलं' असं वाक्य कोणत्याच डॉक्टरला गोड लागत नाही, मलाही नाही. पण 'डॉक्टर, काजूचा हंगाम संपून तीन महिने झाले तरी फोड येतायत, ॲलर्जीच असेल तर आतापर्यंत बसायला नको होती का?' हे विचारलंत की त्यांना परत विचार करावाच लागतो, त्यात अपमान नाही. मग पुढचा प्रश्न, याच्याशिवाय आणखी काय असू शकतं. आणि तिसरा, ते नाही हे कसं ठरवायचं. चांगला डॉक्टर इथं स्वतःच म्हणेल की बायोप्सी करू किंवा बांबोळीला चिठ्ठी देतो. नाहीच म्हणाले तर भांडू नका, आतापर्यंतचे सगळे कागद मागून घ्या आणि स्किनच्या डॉक्टरकडे जा. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात स्किनचा वेगळा विभाग आहे. कागद टाकून देऊन नव्या डॉक्टरकडे कोरी पाटी घेऊन जायची आपल्याकडे सवय आहे, आधीचं सांगितलं तर यांचं मत बदलेल म्हणून. उलट आधी काय दिलं आणि त्याने काय झालं नाही, हीच आमची निम्मी तपासणी असते. आणि तुम्ही वाचलेलं लपवू नका, पण निदान म्हणून नको, प्रश्न म्हणून टाका.

बाबांना सांगा, हे डॉक्टरला शिकवणं नव्हे. फोड रोज बघता तुम्ही, डॉक्टर बघतात पाच मिनिटं, तेही फोड फुटून गेल्यावर. ताजा फोड आला की लगेच फोटो काढा, शेजारी एक नाणं ठेवा, तारखेसकट. मोबाईलचा खरा उपयोग तो.

निदान तेच निघालं तर घाबरून जाऊ नका. पूर्वी सगळ्यांनाच तोंडाने भरपूर स्टिरॉइड द्यायचो, आणि डायबिटीसवाल्या म्हाताऱ्यांना आजारापेक्षा औषधच जड व्हायचं, साखर, हाडं, इन्फेक्शन. २००२ मध्ये फ्रान्समधल्या ३४१ रुग्णांचा अभ्यास आला, अर्ध्यांना स्टिरॉइडची गोळी आणि अर्ध्यांना क्लोबेटासोल या कडक स्टिरॉइडचं क्रीम, दिवसाला ४० ग्रॅम. ज्यांना आजार खूप पसरलेला होता त्यांच्यात वर्षअखेर क्रीमवाले ७६ टक्के जगले आणि गोळीवाले ५८ टक्के. ४० ग्रॅम म्हणजे दिवसाला मोठी ट्यूब संपून वर थोडं, घरच्यांना वाटतं डॉक्टर चुकून लिहितात, आणि पावसाळ्यात घामाघूम अंगाला चोपडायला दुसऱ्याचे हात लागतात. सगळ्यांना एवढं लागतं असंही नाही. गंमत बघा, नायट्याला हेच क्रीम लावून येणाऱ्यांना मी आयुष्यभर ओरडत आले, आणि इथं स्वतःच किलोच्या हिशोबात लिहिते. त्याशिवाय डॉक्सीसायक्लिन म्हणून एक साधी अँटिबायोटिक गोळी आहे, तिचा गुण थोडा कमी पण धोकेही कमी. काय द्यायचं ते बघणाऱ्यानं ठरवायचं, हे मी यासाठी सांगतेय की 'स्टिरॉइडच्या गोळ्या म्हणजे साखर गेली' या भीतीने बाबा उपचार टाळायला नकोत. मात्र उपचार महिन्यांचा असतो, खाज थांबली म्हणून क्रीम मध्येच सोडलं की परत.

घरी तोपर्यंत: मोठा फोड ताणून दुखत असेल तर स्वच्छ सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची साल काढायची नाही, तीच सगळ्यात चांगली पट्टी. चादर चिकटत असेल तर केळीचं पान धुऊन, पुसून खाली घाला, हे गावठी नाही बरं का, इस्पितळांतही जळालेल्यांना आणि फोडवाल्यांना केळीच्या पानावर ठेवतात, आणि तुमच्याकडे भाटात केळी असतीलच. नखं कापा. हळद, राख, कडुलिंबाच्या पाल्याचा लेप काही नको. झोपेसाठी गुंगीच्या खाज-गोळ्या वाढवू नका, रात्री उठताना माणूस पडतो आणि मग मांडीचं हाड मोडतं.

थांबायचं नाही अशा गोष्टी वेगळ्या. ताप, डोळे लाल होऊन चिकटणं, तोंडात आणि लघवीच्या जागी जखमा, कातडी हात लावताच सालपटासारखी निघणं, विशेषतः गेल्या दोनेक महिन्यांत फिटची, युरिक ॲसिडची किंवा सल्फाची नवी गोळी सुरू झाली असेल तर, त्याच दिवशी मोठं इस्पितळ, १०८ बोलवा. फोडांतून पू यायला लागला, आजूबाजूला गरम लाल झालं, साखर अचानक चढली, तरीही तसंच.

राहिलं शेवटचं, बाबा म्हणतात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाल्यावर बघू. चवथीला अजून तीन आठवडे, आणि रिपोर्ट यायला आठवडा-दीड आठवडा जातो. या आठवड्यात गेलात तर चवथीपर्यंत औषध सुरू होईल आणि गणपतीवरची माटोळी (फळाफुलांची सजावट) बांधताना निदान रात्रीची झोप झालेली असेल. मुंबईहून येणाऱ्या नातवंडांना लांब ठेवायचं का असं विचारलंत, पेम्फिगॉइड कोणाला लागत नाही, मांडीवर बसवलं तरी चालतं. फक्त आधी एकदा बाबांचं कातडं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे, पेडण्याच्या आजींनंतर मी ते एकालाही चुकवत नाही.